जपानचा करंट

विशाखा,

जयभीम. राइसमिलची मोटर जळली म्हणून मी सकाळीच निघालो. बसस्टँडवर माही वाट नको पाहू.

नागपूरहून आणलेला तुहा कन्व्हर्टर मी तुह्या जपानच्या बॅगीतून काढला आन माह्या हातानं बनवलेला ट्रान्सफॉर्मर ठेवला. तुह्यावाला दोनशेवीस व्होल्टाचे शंभर करते. जपानात लाइनच शंभराची हाये आन आपला टेपरेकॉर्डर दोनशेवीसाचा. मंग उलटं पाह्यजे ना! परवा हेच सांगत होतो तं तू म्हणाली, "बाबा, तुमाले तिकडचं काय मालूम?" राग नाई. पण वीस वर्षं जळालेल्या मोटरांची कॉइल भरून राह्यलो मी.

टेस्ट कुठी केला, विचार. दिवस बुडताना साऱ्यांचे पंप सुरू झाले का आपल्या घरी शंभरच व्होल्ट येते. म्हणजे जपानचा करंट गोंडपिपरीत रोजच येते! तीन दिवस त्याच्यावरच हा ट्रान्सफॉर्मर लावून टेपचे सेल चार्ज केले, मस्त झाले. इस्त्री मात्र लावू नको, जळून जाईन.

वजन वाढलं म्हणून लोणच्याची एक बरणी काढली. आईले सांगू नको, मी खाऊन संपवतो.

टेपमंधी आईचा आवाज हाये, माहा नाई. मले मशीनसमोर बोलता येत नाई, आन बसस्टँडवर तं अजिबातच नाई.

जपानात रेशीम-धाग्याची ट्रेनिंग नीट कर. सहा महिने रोज संध्याकाळी इथला बल्ब लाल झाला का मी समजून घेईन, तुह्या खोलीतही आता एवढाच करंट हाये.

बाबा