आईचा रकाना

सोमवार, ता. ३
आले: मुलाचा जुना लॅपटॉप एक, चार्जर एक, माऊस एक. मुलाने धाडले म्हणून फुकट. कुरिअरवाल्याने जिना चढल्याचे वीस मागितले. दिले नाहीत, पाणी दिले.

प्रार्थना मंडळातल्या सगळ्या कुटुंबांची नोंद आता यात करायची — कोण कोणाचं कोण. मंडळाचा हिशेब मी ठेवते, म्हणून हेही माझ्याच गळ्यात.

मंगळवार, ता. ४
मुलाने यात घालून दिलेला नोंदींचा प्रोग्राम उघडतच नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "अगं आई, त्याची मेमरी वाढव." तो सांगत गेला, मी दाबत गेले. उघडलं एकदाचं. इथे दोन खोल्यांत डबे ठेवायला जागा नाही आणि याला आणखी हवी.

गुरुवार, ता. ६
याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. म्हणजे मडक्यांची उतरंडच की — माणूस, त्यात बाई, बाईत आई. मग नाती जोडायची. शेवटी 'रीझनर' चालवायचा. आपण लिहिलं त्यावरून तो स्वतः तर्क करतो आणि पिवळ्या पट्टीत मांडतो.

पेटीवाले काका पुरुषांत होतेच, चुकून बायकांतही टाकले गेले. सगळंच्या सगळं तांबडं, म्हणजे चूक! एक खडा लागला म्हणून ताट भिरकावणाऱ्यातला आहे मेला.

हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुझा तर्क मला इतक्या वर्षांत लागला नाही, त्याला बरा लागेल."

शनिवार, ता. ८
आज आपलं घर लिहिलं. मुलाच्या आईच्या रकान्यात आधी थोरलीचं नाव — यांची पहिली बायको. मुलगा दीड वर्षाचा असताना ती गेली, मग मी आले. रोज दिव्यापुढे तिचं नाव घेते, इथे वगळलं तर पाप. तिच्याखाली माझं.

रीझनर चालवला. माझ्या नावाखाली पिवळी पट्टी: ही आणि थोरली एकच. त्याखाली: मृत व्यक्ती.

किळस आली. जेवणावरची वासनाच उडाली. यांना दाखवलं. म्हणाले, "मग मला वाढतंय कोण?" नेहमीसारखं हसू आलं नाही.

रविवार, ता. ९
फोन केला. दुसऱ्याच घराचं म्हणून विचारलं — एकाला दोन आया लिहिल्या तर?

"अगं आई, नियम मीच घातलाय. प्रत्येकाला आई एकच. दोन नावं दिलीस तर तो समजतो, एकाच बाईची दोन नावं."

"दोघी वेगळ्या आहेत, असं सांगितलं तर?"

"तर तांबडं होईल. एक नाव खोडून टाक की. सोपं आहे."

सोपं आहे म्हणे. तरी दोघी वेगळ्या म्हणून लिहून पाहिलं. तांबडं. हात दोनदा साबणाने धुतले.

मंगळवार, ता. ११
एक नाव खोडलं. कुठे तांबडं नाही, पिवळं नाही. इतकं स्वच्छ, की बघून शिसारी येते.

बुधवार, ता. १२
फोनवर विचारवेना. कार्ड टाकलं. मजकूर इथे उतरवते —

चि. बाळास आशीर्वाद. नियम तुझा, म्हणून तुलाच विचारते. तुझ्या आईच्या रकान्यात थोरलीचं नाव ठेवलं आहे. माझं कुठे लिहू, ते उलट टपाली कळव.