दाजींच्या रणगाड्याचं अस्तर

सोलापूर,
दसऱ्यापासून तिसरा दिवस, १९७३

ती. रामहरीदादा यांस,

धाकट्या आतेभावाचा, म्हणजे कुंडलिकचा, दंडवत. इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे परवा दुपारी चार वाजल्यापासून आहे. त्याआधीच्या दीड दिवसाची चौकशी कृपा करून करू नये, मी आपणहून सांगणारच आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे? आई म्हणते, एरंडेल गरम करून लावा आणि पुण्याच्या डॉक्टरला त्यातलं काही सांगू नका. तिनं तुम्हा सर्वांना आशीर्वाद सांगितले आहेत. (ती समोरच बसून लसूण सोलते आहे आणि मी काय लिहितो यावर तिचा डोळा आहे. वाचता येत नसलं तरी ती माझ्या तोंडाकडे बघून मजकूर ओळखते.)

तुम्ही पाठवलेला, रंगाखाली द्यायच्या करड्या अस्तराचा फवाऱ्याचा डबा गणपती उठले त्या आठवड्यात सुखरूप पोचला. पोच द्यायला महिना लागला, कारण डबा पोचला तरी तो वापरायचा धीर पोचायला वेळ लागला. तुमच्या कारखान्यातल्या साहेबांनी तो विलायतेहून आणलेला, त्यातून तुम्ही मागून घेतलेला, आणि असा दुसरा सोलापुरात तरी मिळणार नाही, हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं होतं. तेव्हापासून तो मी कपाटात कोटाच्या मागे ठेवला होता आणि रोज शाळेतून आल्यावर जागेवर आहे ना ते बघत होतो.

आता दाजींची हकिकत तुम्हाला ठाऊक आहे, पण मास्तरकीत आयुष्य गेलं की माणूस सगळं पहिल्या धड्यापासून सांगतो, तेव्हा सोसून घ्या. आपल्या सोनाताईचे यजमान रावजीदाजी रणगाड्यावर तोफ चालवायचे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांची गाडी पेटली. (ते रणगाडा म्हणत नाहीत, गाडी म्हणतात.) गाडी हाकणारा येडू आतच राहिला आणि दाजी उजव्या हाताची तीन बोटं तिकडंच ठेवून परत आले. पुढचे आठ-नऊ महिने त्यांनी भिंतीकडे तोंड करून बसण्याखेरीज काही केलं नाही. जेव म्हटलं की जेवायचे, चल म्हटलं की इस्पितळात जायचे. मग एक दिवस ताईच्या लग्नातल्या मोडक्या पेटीचं सागवान त्यांनी पुढ्यात ओढलं आणि डाव्या हातानं कोरायला बसले. दहा महिन्यांत रणगाडा उभा राहिला, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा. मापं कुठल्या पुस्तकातली नव्हेत; आत बसल्यावर कोपर कुठं लागायचं, डोकं कुठं आपटायचं, त्यावरून लक्षात ठेवलेली. दोन्ही अंगाला सहा-सहा चाकं, जुन्या चपलांचं कातडं तुकडा-तुकडा कापून जोडलेले पट्टे, टाचण्यांची डोकी ठोकून केलेले बोल्ट. वरचं झाकणसुद्धा उघडतं. हे चालू असताना दाजी पुन्हा बोलायला लागले, आणि एकदा तर भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताईवर ओरडले. त्या दिवशी ताई आनंदानं आमच्याकडे रडायला आली होती.

फक्त रंग द्यायला डावा हात थरथरायला लागला. तेव्हा ते पलीकडच्या गल्लीतून रणगाडा टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. चित्रकलेचा मास्तर म्हणजे रंगातलं सगळं कळणारा, असा त्यांचा समज. (माझं शाळेतलं मुख्य काम स्नेहसंमेलनाचे फलक रंगवणं हे आहे, पण ही वेळ ते सांगायची नव्हती.) दसऱ्याला सोनं द्यायला येतो तेव्हा घेऊन जातो, म्हणाले. दारातून वळून आणखी एवढंच बोलले, "मास्तर, बिघडला तर मला दावू नका. चुलीत घाला. दुसरा काय माज्यानं हुनार न्हाय." नंतर ताई पाण्याची कळशी घेऊन मुद्दाम आली आणि म्हणाली, हे बिघडलं तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल. दादा, मी त्या दिवसापासून त्या रणगाड्यापुढे चपला काढून जात होतो.

तुमचा डबा येण्याआधी मी गावातली सगळी मतं घेतली. लाकूड रंग पितं, टाचणी रंग धरत नाही आणि कातड्यावरचा रंग उडतो. तिघांनाही एका रंगात नांदवायचं तर आधी अस्तर हवं, एवढं मला कळत होतं. ट्रक रंगवणारा शिवयोगी म्हणाला, तांबडं अस्तर ब्रशनं चोपडा, खाचा बुजवायला वर लांबी भरा, मग ट्रक काय नि रणगाडा काय, समदं एकच. पण तेवढ्या जाड थराखाली दाजींचे बोल्ट दिसेनासे झाले असते आणि रणगाड्याचा साबण झाला असता. शेजारचे कोंडीबा म्हणाले, ढेकणांच्या औषधाच्या पंपातून उडवा. ते मी एका फळीवर करून बघितलं. पंप पाच वेळा दाबला तेव्हा काही आलं नाही, सहाव्या वेळी सगळं एकदम आलं, आणि ते फळीऐवजी कोंडीबांच्या धोतरावर गेलं. तेव्हापासून कोंडीबा मला मत देत नाहीत आणि त्यांच्या घरचे ढेकूण निर्धास्त आहेत. त्या संध्याकाळी मी तुम्हाला डब्यासाठी लिहिलं.

डब्यावरच्या सूचना मी इंग्रजीच्या शब्दकोशाच्या आधारानं पाठ केल्या. दोन मिनिटं हलवा, म्हणून हलवला, तर आत काहीतरी खुळखुळलं. आई म्हणाली, आत कायतरी सुटलंय, रामहरीला परत पाठव. ती रंग ढवळायची गोळी आहे हे पटवण्यात एक सकाळ गेली. मग मी आईच्या दुधी भोपळ्यावर हात बसवला. (तिला विचारलं नव्हतं.) पहिल्या वेळी भर दुपारी, आपल्या आश्विनातल्या उन्हात उडवलं, तर अस्तर हवेतच वाळलं आणि भोपळ्यावर पीठ चाळल्यासारखं खरखरीत बसलं. दुसऱ्या वेळी डबा फार जवळ धरला आणि ओघळ आले. तिसऱ्या वेळी सकाळी आठाच्या सुमारास, वारा नसताना, एक हात अंतरावरून, फवारा भोपळ्याच्या बाहेरच सुरू करून त्याच्यावरून नेत पलीकडे बाहेरच थांबवला, आणि काय सांगू, इतका देखणा भोपळा या घरात कधी शिजला नाही. हाही शिजला नाही. तो सध्या शाळेत वस्तुचित्रणाला आहे. डब्यात मात्र आता एकाच रणगाड्यापुरतं अस्तर उरलं होतं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी परसात ते काम केलं. एक पातेलं पालथं घातलं, त्यावर पाट ठेवला, पाटावर रणगाडा, म्हणजे पाट फिरवून चारी बाजू घेता येतात. पहिला हात अगदी पातळ, अर्ध्या तासानं दुसरा. सागवान, टाचण्या, चपला, सगळं नाहीसं झालं आणि एक लोखंडी वस्तू पाटावर उभी राहिली. एकूण एक बोल्ट दिसत होता. दादा, खोटं कशाला बोलू, मला माझ्याच पाया पडावंसं वाटलं. डबा रिकामा झाला होता, पण काम झालं होतं. धूळ बसू नये म्हणून वरून कोंबड्यांचं डालगं झाकलं आणि मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलो.

फुलं कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. त्या दिवशी खंडेनवमी होती. मी अर्ध्या तासात परत आलो तर आईनं घरातली सगळी हत्यारं पुजून काढलेली. विळीला कुंकू, खुरप्याला कुंकू, शिवणाच्या मशीनला कुंकू, माझ्या सायकलला पुढं-मागं कुंकू, कंपासपेटीलासुद्धा. आणि परसात डालगं बाजूला. पाटावरच्या रणगाड्यावर आधी फुलानं पाणी शिंपडलेलं, मग पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू, वर मूठभर अक्षता, आणि तोफेच्या नळीवर दारच्या झेंडूचं एक फूल. पहिला हात ओला होता, दुसरा त्याहून ओला. जे टाकलं ते सगळं जागच्या जागी बसलं होतं. मी ओरडलो. आई उदबत्ती ओवाळता-ओवाळता शांतपणे म्हणाली, "खंडेनवमीला हत्याराला कुंकू न्हाय लावायचं, तर काय न्हाणीत ठिवायचं? जलमभर विळी आन् खुरपं पुजलं. आज घरात तोफ आली, तर तिला तशीच बसवू व्हय?" आणि खरं सांगतो, पाटावर मांडून डालग्याखाली झाकलेली वस्तू पूजेची नाही, हे त्या दिवशी मलाही कुणाला पटवता आलं नसतं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. सुईनं अक्षता काढायला गेलो, तर प्रत्येक दाण्याखाली पांढरा खड्डा पडायला लागला. टर्पेंटाईनच्या चिंधीनं कुंकू पुसायला गेलो, तर मागची बाजू गुलाबी झाली. डबा हलवला, तर नुसती गोळी वाजली. रणगाडा तसाच घेऊन शिवयोगीकडे धावलो. त्यानं तो चारी बाजूंनी फिरवून बघितला. (एकदा त्यानं नमस्कारही केला.) मग म्हणाला, पॉलिश पेपर मारून लाकडापर्यंत जावा. म्हणजे बोल्ट जाणार, म्हणजे दाजींचे दहा महिने जाणार. ते मी केलं नाही. चुलीतही घातला नाही. टॉवेल टाकून देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघत बसलो. मला जेवण गेलं नाही. आई मात्र दोनदा जेवली, आणि भरलं ताट घेऊन ताईकडेही जाऊन आली.

परवा चार वाजता दाजी आणि ताई सोनं घेऊन आले. मी दारातच अस्तरावर व्याख्यान सुरू केलं. हवामान, लाकडातला ओलावा, विलायती डब्यांचा भरवसा नाही, वगैरे. दाजींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि डाव्या हातानं टॉवेल उचलला. त्यांनी रणगाडा उचलून डोळ्यांपाशी नेला. पुढच्या उतरत्या भागावर अंगठा फिरवला, अक्षतांवरून, हळदीवरून. "कुनी केलं ह्ये?" त्यांनी विचारलं. आई तोंड उघडत होती. आता सासूवर जावई भडकणार आणि ताईचं माहेर तुटणार, असं डोळ्यांपुढं येऊन मी म्हणालो, मी केलं. मुद्दाम केलं. का म्हणालो, मला माहीत नाही.

दाजी खाली बसले. रणगाडा मांडीवर घेतला. म्हणाले, "आमच्या गाडीला असंच हुतं. दसऱ्याला येडूनं पूजा केली, ती ग्रीसच्या हातानं. कुंकू निगता निगंना. सायेब म्हनला पुसा, तर येडू म्हनला, पुसलं तर गाडी चालू न्हाय व्हायाची. तसंच लडाईला गेलो. हितं हुतं बगा, बराबर हितं. तांदूळसुदीक." आणि मग येडूबद्दल बोलायला लागले. दोन वर्षांत त्यांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं, ते परवा दिवेलागणीपर्यंत घेत होते. येडू कसा गायचा, कसा झोपेत गाडीचे गिअर टाकायचा. आम्ही हसलो. ताई रडली, मीही रडलो, ते लपवण्यासारखं काही नाही. वर हिरवा रंग द्यायचा नाही, असंच राहू दे, म्हणाले, आणि टॉवेल न झाकता, रस्त्यानं सगळ्यांना दिसेल असा, रणगाडा घरी घेऊन गेले. दादा, मी पाठोपाठ दोन ताटं जेवलो.

तुमच्या डब्याचे उपकार कसे फेडावेत ते कळत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो या हकिकतीनं कमी होऊ नये.

आपला,
कुंडलिक

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. दिवाळीनंतर दाजी हात दाखवायला पुण्याला येतील ते तुमच्याकडेच उतरतील. बोलता-बोलता निघालंच, तर ओल्या अस्तरावर कुंकू टिकतं का, असं मी तुम्हाला भाद्रपदातच पत्रानं विचारलं होतं, एवढी एक थाप मारावी. आईला वाचवायला खोटं बोललो होतो हे खरं, पण ते कौतुक करायला लागले आणि ते परत करायची वेळ टळून गेली. ताई तर गल्लीभर सांगते आहे, माझ्या भावाला माणसाच्या मनातलं कळतं म्हणून. हे पत्र वाचून फाडावं.

ता. क. दुसरा. पाकिटाचा डिंक उडाला आहे. दाजी पोस्टाकडेच निघालेत, त्यांच्याकडे देतो, ते तिथं चिकटवतील. ते दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतले नाहीत.

रामहरीस रावजीचा रामराम. पाकीट उगडं हुतं, वाचलं. मास्तराला कळू देऊ नका. सासूबाई ताट घेऊन आल्या तवाच म्हनल्या हुत्या, तुमच्या गाडीची पूजा केली, तर मास्तर रुसून बसलाय. कुनी केलं ह्ये मी उगं विचारलं, मास्तर काय सांगतोय बगावं म्हनून. त्यानं आईसाटी अंगावर घेतलं, ते मला लई आवडलं. तुमी थाप जरूर मारा, मी खरी मानीन. ठाऊक हुतं तरी कुंकू डोळ्यांनी बगितलं तवा येडू शेजारी बसल्यागत वाटलं. डाव्या हाताचं अक्षर हाय, हसू नका. मास्तर भिडंनं लिवनार न्हाय, म्हनून मीच लिवतो. आनकी एक डबा मिळंल का बगा. काल दुसऱ्या गाडीचं लाकूड कापलं.