पिठातलं लोह आणि आमचा शेठ

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. देवदयेने इकडे ठीक. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला यांनी आपसात तह केला असेल अशी आशा.

मागे जिन्यात मला भोवळ आली ते तुला कळलंच असेल (यांच्या पोटात काही राहत नाही). डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी आणल्या नाहीत. आपलं पीठ मुळी लोह घातलेलंच येतं, पुड्यावर तसं छापलेलं असतं. महिन्याचं पीठ भागिले माणसं पाच, असा हिशेब मी मांडला. प्रत्येकाला पुरून उरत होतं. मग एकाच वस्तूला दोनदा पैसे मोजणं देवाला तरी रुचेल का?

तेवढ्यात आरोग्य खात्याकडून एक मुलगी आली, या पिठातलं लोह कोणाच्या पोटात किती जातं ते पाहायला. म्हटलं, देवानेच साक्षीदार धाडला. मी ऐटीत माझा भागाकार पुढे केला. तिने तो मन लावून वाचला, "काकू, चोख आहे" म्हणाली आणि पिशवीतून काटा काढून ओट्याशी बसली. ताई, काम पाहावं तर त्या पोरीचं. यांचं, मामंजींचं, दोन्ही मुलांचं ताट वाढताना तोलायचं, उष्टं उरलं की पुन्हा तोलायचं. मामंजी म्हणाले, "आम्ही काय रद्दी आहोत?" तर हसून तिने त्यांनी टाकलेला कडेचा तुकडाही तोलला. शेवटी मी नेहमीसारखी पातेल्यातली खरवड आणि उरलेली एक पोळी घेऊन बसले. त्यातली अर्धी दारातल्या शेठला घातली (आमचा कुत्रा, नाव त्याने रुबाबावर मिळवलंय). मुलांचे टाकलेले तुकडे त्याच्याचकडे जातात. पोरीने उठून शेठची थाळीही तोलली.

मग बराच वेळ आकडेमोड करून हळूच म्हणाली, "काकू, पीठ पाचांत नाही, सहांत वाटलं जातंय. आणि तुमचा नंबर सहावा."

हे उठले, चपला न घालताच बाहेर गेले आणि गोळ्या घेऊन आले.

तुझी,
धाकटी

ता.क. पंधरा दिवस तुझ्याकडे राहायला येते. वाढायला तू बस, आणि मला आधी वाढ. इथे करून पाहिलं, पण पळी हातातून सुटत नाही.

ता.क. दुसरा : शेठलाही आणते आहे. तो समोर नसला की मला घास उतरत नाही.