सुपारी फुटायच्या आधीचं उत्तर

शुक्र., १२ जून १९९८. शहापूर
लॉ कॉलेजातल्या कायम जागेची मुलाखत. तासिकेवरची ही ओढाताण संपावी, नोकरीतला भेदभाव हा एकच विषय आयुष्यभर शिकवावा. बरी बोलले. शेवटी प्राचार्यांनी विचारलं, "लग्न वगैरे ठरलंय का? मुली मध्येच सोडून जातात."
"नाही सर."
खोटं नव्हे. सुपारी परवा फुटायची आहे. तरीपण...

रवि., १४. धसई, आत्याकडे
सुपारी फुटली. म्हणजे ठरलंच, आता मोडलं तर गावकी बसेल. आत्याला मुलाखतीचं सांगितलं. चौथीपर्यंत तिनेच घरी शिकवलं, तिच्यापाशी लपत नाही.
"आता सांगून टाक गो. दुसऱ्यानं सांगितलं तर खोटारडी ठरशील."
म्हटलं, सांगायला गेले तर त्यांचं विचारणं रास्त ठरतं. तो प्रश्नच कायद्यात बसत नाही.
"मंग उत्तर कशाला दिलंस?"


मंगळ., १६. शहापूर
वर्गात समान वेतन कायदा. भरती करतानाही बाई-पुरुष असा भेद चालत नाही, हे शिकवलं. आटगावहून येणारी सुनीता उठली. "मॅडम, मुलाखतीत लग्नाचं विचारलं तर काय म्हणायचं?"
"म्हणायचं, पुरुषांनाही विचारता का?"
मुलींनी लिहून घेतलं. मला मान वर करवेना.

गुरु., १८
मुरबाड स्टँडवर भोईर सर भेटले. त्याच जागेचे दुसरे उमेदवार, लग्न नुकतंच उन्हाळ्यात झालेलं. मी विचारलं, मुलाखतीत लग्नाचं विचारलं का तुम्हाला?
"मला? मला विचारलं, व्हॉलीबॉल खेळता का!" हसले. मी हसले नाही. मग तेही थांबले. "म्हणजे, तुमाला..." माझी गाडी लागली.

शनि., २०
प्राचार्यांकडे गेले. दोन्ही सांगितलं. लग्न ठरलं आहे. आणि तो प्रश्न मला विचारायला नको होता, कारण पुरुष उमेदवाराला विचारला नाही. भोईरांचं नाव घेतलं नाही, त्यांची परवानगी नव्हती.
"अहो, तुमचीच निवड होत होती."
"होत होती?"
त्यांनी फाइल मिटली. मग, "सोमवारी निवड समितीपुढे हेच बोला. मी अडवणार नाही." चेहऱ्यावर राग नव्हता. की मलाच तसं वाटलं?

रवि., २१
भोईर सर पत्ता शोधत घरी आले. "समितीचं कॉलेजात कळलं. उद्या मी येतो सांगायला. मला विचारलं नाय, हे मीच सांगायला पायजे."
"तुमचंही नाव कटेल."
"बघू. बायको बी.एड. करतेय, तिलाही असलंच विचारतील कोणीतरी." चहा संपवून म्हणाले, "पण जागा मलाही हवीय हां, मॅडम."
"हवीच."
येतील असं वाटतं. नाही आले तरी मी बोलणार. काय बोलायचं ते मोठ्याने म्हणून पाहिलं. आई स्वयंपाकघरातून, "हळू गो, शेजारी ऐकतील."
ऐकू देत.