चाईतले अकरा केस

बाबा,

चिमीच्या उजव्या कानामागच्या चाईत, केस गेलेल्या त्या गोल चकत्यात, आज अकरा केस दिसले. पांढरे, मऊ, जेमतेम दोन मिलिमीटरचे. माझाच विश्वास बसेना, म्हणून भिंग घेऊन दोनदा मोजले!

तेव्हाच ती हळूच म्हणाली, "आजोबा रोज मला त्यांच्या बाटलीतलं पण लावतात. म्हणतात, माझ्या माळरानावर काही उगवलं नाही, तुझी जमीन ताजी आहे." हसू आलं आणि भीतीही वाटली. मोठ्यांचं ते केस उगवायचं औषध लहान मुलांच्या अंगात जास्त मुरू शकतं. चक्कर येते, छातीत धडधडतं. परवा ती जिन्यात मटकन बसली, ते आपण दमणूक समजलो.

डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. नाडी आणि रक्तदाब तपासायला त्यांनी लगेच बोलावलंय, म्हणून आम्ही दोघी निघालो. आत्ता ती ठणठणीत आहे. केस कशाने आले ते मला ठाऊक नाही; चाई कधी आपोआपही भरते. तुमची बाटली तुमच्या कपाटात कुलपात ठेवा आणि ते लावलंत की हात साबणाने धुऊनच तिला जवळ घ्या. तिच्या डोक्याला फक्त डॉक्टरांचं मलम, तेही मीच लावीन. थोडी रागावलेय. जेवून घ्या.

आणि ऐका! दोन महिने शाळेचं नाव काढू न देणारी तुमची नात आत्ता दारातूनच शेजारच्या मैत्रिणीला ओरडून म्हणाली, "ए, उद्या माझी जागा धरून ठेव. मी शाळेत येतेय!"