माझ्या कोळ्यांची निरवानिरव

मी, छुन वुथा (छुन हे वडिलांचे नाव, आमच्याकडे ते आधी लावतात), वय बावीस, राहणार स्कून, बसथांब्यामागची गल्ली, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोळी पाळणाऱ्याचे डोके ठिकाणावर नसते असे आमच्या बाजारात म्हणतात. म्हणून पॅगोडातले विधी सांगणारे गृहस्थ, म्हणजे आचार, केम ओन यांनी मला आधी वार, महिना आणि घरच्यांची नावे विचारली. मी सगळी बरोबर सांगितली.

सोमवारी शहरात माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ असते तर आधीच कागदावर माझा अंगठा कशाला घेतला असता?

कलम पहिले. मोटारसायकल आईला द्यावी. मागचा ब्रेक उशिरा लागतो, हे तिला दोनदा सांगावे.

कलम दुसरे. माझे सात केसाळ कोळी, म्हणजे सहा पिल्ले आणि मोठी होत आलेली मली, थोरली बहीण स्रेमोमताई हिला द्यावेत. दाजींनी त्यांच्याकडे बघून लसणाची आठवण काढू नये. आमच्या घराची चूल कोळी तळून पेटली. बाबांनी ते जंगलातून खणून आणले, आईने तळले आणि बसमधल्या प्रवाशांना विकून मला शाळेत घातले, ती मी अर्ध्यात सोडली. त्या घरचा मुलगा तेच कोळी प्लास्टिकच्या कपात घालून जपतो, याची मला लाज वाटते. आईला मी बरेच दिवस सांगत होतो की विकण्यासाठी वाढवतोय. ती रोज विचारायची, "झाले का रे तळण्याजोगे?" मी म्हणायचो, "अजून बारीक आहेत."

ताईने पुढील काळजी घ्यावी. कपाच्या झाकणाला सुईने भोके असावीत, मोठी नकोत, पिल्ले निसटतात. माती ओलसर ठेवावी, चिखल करू नये. रातकिडा पिल्लाच्या अंगापेक्षा लहान द्यावा आणि उरला तर काढून घ्यावा. पिल्लू उताणे पडले तर ते मेलेले नसते, कात टाकत असते. त्याला हात लावू नये. मी सुरुवातीला अशी दोन पिल्ले मेली समजून गटारात टाकली. हे मी इथे पहिल्यांदाच लिहीत आहे.

कलम तिसरे. माझे निळे प्लास्टिकचे स्टूल फाल्लीमावशीला द्यावे. तिचा आंब्याचा गाडा बाजारात आमच्या कोळ्यांच्या टोपलीशेजारी असतो. प्रत्येक बस थांबली की ती माझ्या बाबांची गोष्ट उभ्याने सांगते. आता बसून सांगावी.

ती गोष्ट अशी. मलीला बाबांनीच पकडले आणि सगळ्यांचे खुडतात तसे तिचेही सुळे खुडले. विकायला लहान म्हणून ती मला मिळाली. बिनसुळ्यांची उपाशी मरेल म्हणून मी तिला रातकिडे चिरडून भरवले. मग तिने कात टाकली. तरी मी चिरडूनच देत राहिलो, तोंडाकडे नीट पाहिले नाही. नववर्षाच्या सणाला बाजार तुडुंब होता. बाबा लोकांना सांगत होते, "जन्म गेला या धंद्यात, अजून एकाची हिंमत नाही झाली मला चावायची!" मला वाटले, मलीही दाखवावी. मी ती त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "बिनधास्त धरा बाबा, सुळे तुम्हीच खुडलेत."

ती उजव्या अंगठ्याला चावली.

फाल्लीमावशी ओरडली, "अगं बाई! जन्मभर यांनी कोळी खाल्ले, आज कोळ्यानं छुनदादांना चाखून बघितलं!" सगळा बाजार हसला. बाबांनी मलीला चिरडले नाही, टोपलीवर अलगद उतरवले. "मीच खुडले होते ना रे?" एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून ते बाजारात गेले नाहीत, आणि माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. आई एकटी टोपली घेऊन जाते.

कलम चौथे. माझे वडील माओ छुन यांना माझ्या मालमत्तेतले काहीही देऊ नये, एक चमचाही नाही. हे रागाने लिहिलेले नाही. आचार म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते तो साक्षीदार चालत नाही. बाबांनी साक्षीदार व्हावे आणि त्यासाठी तरी माझ्यासमोर येऊन बसावे, एवढी एकच माझी इच्छा आहे. आईजवळ तसा निरोप दिला आहे. ते येईपर्यंत दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी ठेवावी, दुसऱ्या कोणाचे नाव घालू नये.

कलम पाचवे. हे कलम बाबा आल्यावर वाढवले. त्यांनी सगळा कागद आचारांकडून वाचून घेतला, दोनदा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खुडलेले सुळे कात टाकली की परत येतात, हे लिहिलंस कुठं? ताईला चावेल ना, गाढवा!" म्हणून लिहितो: खुडलेले सुळे कात टाकल्यावर परत येतात. ताईने मलीला हातावर घेऊ नये.

साक्षीदार पहिला: आचार केम ओन, सही.

साक्षीदार दुसरा: माओ छुन, अंगठा. आचार म्हणाले, "डावा लाव, उजवा अजून दुखत असेल." बाबा म्हणाले, "कागदाला उजवाच लागतो."

लिहून देणार: छुन वुथा, सही व अंगठा.

स्कून, नववर्षानंतरचा तिसरा शनिवार.

खुलासा: दुसऱ्या साक्षीदाराच्या लाल ठशात मधोमध दोन पांढरे ठिपके राहिले आहेत. ती शाईची चूक नाही. ठसा त्यांचाच आहे, तो ग्राह्य धरावा.