फक्त

१९ जुलै २००६, कनाटा, कॅनडा

...तरी मुक्ताने कॅमेरा खाली ठेवला नाही. आई टीव्हीपुढे मेथी निवडत होती. लेबनॉनचं युद्ध. बैरूत बंदराचा धक्का, जहाज, माणसांची रांग. मुक्ता म्हणाली, "आजी, व्हॉट्स हॅपनिंग?" आईला एवढं पुरे. नागपुरात अडतीस वर्षं मराठी शिकवलं तिने. "हे बघ मुक्ते, फक्त कॅनडाच्या पासपोर्टवाल्यांना घेऊन राहिले. बाकीच्यांनी काठावरून फक्त बघायचं." पदराने डोळे पुसले. नात आजीचं इतका वेळ ऐकते आहे, मला बरं वाटलं.

२४ जुलै

क्लिप नेटवर. नाव 'ग्रॅनी न्यूज'. खाली इंग्रजी ओळी. आई बोलते ते नाही, मुक्ताला आणि तिच्या मैत्रिणींना ऐकू येतं ते. 'फक्त' आलं की इंग्रजीतली 'एफ'ची शिवी. वर आईचे भरलेले डोळे, खाली ती शिवी.

मी हसले. लिहून ठेवते.

मग म्हटलं, काढून टाक. "ममा, रिलॅक्स. एव्हरीवन लव्हज हर."

३० जुलै

रोज क्लिप पाहते. पडद्यावर शेजारी फुटबॉल फायनलमधली डोक्याची धडक, कोलाचं कारंजं, पडलेली इमारत, मग आई. सगळे एकाच मापाच्या चौकटीत. ऑफिसात पलीकडच्या टेबलावर कोणी हसलं की वाटतं, तेच.

६ ऑग., रवि.

मराठी मंडळाची पिकनिक. पोरं आईभोवती. "आजी, फक्त म्हणा ना." आई खुलली. "अव्यय आहे. लिंग बदलो, वचन बदलो, हा बदलत नाही. म्हणा, फक्त." सगळी एका सुरात म्हणाली. आई पुन्हा, पोरं पुन्हा. त्यांच्या आया डबे उघडण्यात गुंतल्या.

परतताना कारमध्ये: "उगाच म्हणतात, इथली लेकरं मराठी शिकत नाहीत. दर रविवारी वर्ग घेऊ का गं? बेसमेंटमध्ये?"

मुक्ता खिडकीबाहेर बघत होती.

७ ऑग.

सकाळी आईने फळा आणायला सांगितला. तेव्हा दाखवली क्लिप. दोनदा पाहिली. चष्मा पुसला.

"तुला कधीपासून माहीत?"

"दोन आठवडे झाले."

"हसली तू?"

आई मास्तरीण आहे. न दिलेलं उत्तर तिने आयुष्यभर तपासलंय.

मुक्ताने क्लिप काढली. तोवर तिघांनी आपापल्या नावाने चढवली होती.

१६ ऑग.

आई बोलते, पण शब्द बघून. 'नुसतं', 'तेवढं'. आज मी चहा ओतताना, "केवळ अर्धा कप दे." केवळ! चहाला! मी एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलं होतं. शब्द वापरातून जातात, असं एक प्रकरण होतं. माझ्या स्वयंपाकघरात जाईल असं...

टीव्ही लावत नाही. जेवताना म्हणाली, ऑक्टोबरचं परतीचं तिकीट अलीकडे घेता येतं का, विचार. मी म्हटलं, बघते. विचारलं नाही.

२४ ऑग.

संध्याकाळी मुक्ताने बातम्या लावल्या. प्लूटो आता ग्रह नाही. आई दारात थांबली.

मुक्ता मराठीत, अडखळत: "आजी, आता फक्त आठ."

हसली नाही. आजीकडे बघत राहिली. महिन्यात पहिल्यांदा मराठी बोलली असेल.

आईने ऐकलं. मग वर्गात बोलावं तशा स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "येस. ओन्ली एट." आणि खोलीत गेली.

मुक्ता मला म्हणाली, "आय सेड इट राइट, डिडन्ट आय?" बरोबर म्हणाली होती.

२५ ऑग.

सकाळी ट्रॅव्हल एजंटला फोन केला. पुढच्या आठवड्यात जागा आहे, दुपारपर्यंत कळवा म्हणाला. आई मागे बॅकयार्डमध्ये कपडे वाळत घालत होती. मुक्ता तिला एकेक चिमटा देत होती.